इंग्रजी रेसिपी मराठीत करताय? आधी घरातले चमचे मोजून घ्या

मागच्या दिवाळीत आमच्या मिरजेच्या आत्याने ओटीजी, म्हणजे छोटा विजेचा ओव्हन, घेतला आणि माझ्या मागे नवीन उद्योग लागला. वय त्रेसष्ट, हौस दांडगी, इंग्रजी वाचायचा मात्र कंटाळा, त्यामुळे दर दोन दिवसांनी एक लिंक येते आणि खाली एकच वाक्य, "हे जरा मराठीत करून पाठव गं". मी काही कुणी मोठी अनुवादक नाही, ऑफिसातून आल्यावर एकीकडे कुकर लावून दुसरीकडे जमेल तसं टाइप करते. पहिलीच रेसिपी बनाना ब्रेडची होती, कुठल्यातरी अमेरिकन बाईने तिच्या आजीच्या कार्डावरून जशीच्या तशी उतरवलेली, सगळी मापं एकेका अक्षरात. सोड्यापुढे "१ टी", दुधापुढे पण "१ टी". मी दोन्हीकडे "१ मोठा चमचा" लिहिलं आणि मोकळी झाले.

आता त्यातला सोड्याचा टी स्मॉल होता आणि दुधाचा टी कॅपिटल, आणि हे मला दिसलं होतं बरं का, पण वाटलं टायपिंगची चूक असेल. स्मॉल टी म्हणजे टीस्पून, कॅपिटल टी म्हणजे टेबलस्पून, म्हणजे आत्याने सोडा सरळ तिप्पट घातला. केक वरून झकास तांबूस-काळा आणि पहिला घास घेतला की तोंडात साबण. "गच्चीवर ठेवला कावळ्यांना," आत्या फोनवर म्हणाली, "कावळासुद्धा शिवला नाही बघ."

तेव्हापासून मी एक पथ्य पाळते. मापाचा शब्द मराठीत करायच्या भानगडीत पडतच नाही, आधी ते मिलीमध्ये किंवा ग्रॅममध्ये किती होतं ते काढते आणि मग आत्याच्या घरातल्या वाटी-चमच्यात बसवते. कारण "कप" हा शब्द मराठीतही कपच आहे, पण आत्याच्या डोळ्यासमोर येतो तो चहाचा कप, आणि तो भरून १२०-१५० मिलीच्या वर जात नाही. अमेरिकन कप २४० मिलीचा. शब्द बरोबर आणि केक चुकीचा, असं होतं मग.

सगळ्यात आधी बघायचं ते रेसिपी कुठल्या देशाची आहे. साइटवर देश लिहिलेला नसला तरी कळतं. ओव्हन ३५०, बटर "१ स्टिक", सगळं कपात, मैद्याला ऑल पर्पज फ्लार आणि पिठीसाखरेला कन्फेक्शनर्स शुगर म्हटलंय, तर ती अमेरिका. मैदा-साखर ग्रॅममध्ये, ओव्हन १८० किंवा "गॅस मार्क ४", प्लेन फ्लार, कॅस्टर शुगर, आयसिंग शुगर, खायच्या सोड्याला बायकार्ब, तर ती इंग्लंडची. आणि शब्द सगळे इंग्लंडसारखे पण कप पण आहेत नि ग्रॅम पण, तर ऑस्ट्रेलिया असू शकते, आणि तिथे जरा जपून, कारण ऑस्ट्रेलियाचा टेबलस्पून २० मिलीचा असतो. बाकी जगात १५. न्यूझीलंडमध्येसुद्धा १५ च, शेजारी असून. म्हणजे ऑस्ट्रेलियन रेसिपीत ३ टेबलस्पून कोको असेल तर आपल्या मापाच्या चमच्याने ४ घालायचा.

चमच्यांचं एकदाच नीट सांगते. टीस्पून ५ मिली, टेबलस्पून १५ मिली, म्हणजे तीन टीस्पूनचा एक टेबलस्पून आणि सोळा टेबलस्पूनचा एक अमेरिकन कप. लिहिताना टीस्पूनचं टी-एस-पी करतात, टेबलस्पूनचं टी-बी-एस-पी, कधी टी-बी-एस, कधी नुसतंच टी-बी. मधे बी दिसला की मोठा चमचा, बी म्हणजे बिग, मी असंच लक्षात ठेवलंय. जुन्या कार्डांवर आणि वह्यांमध्ये नुसता टी असतो आणि तिथे स्मॉल-कॅपिटल हाच काय तो फरक, त्यामुळे रेसिपी कॉपी करून दुसरीकडे पेस्ट करताना जर फोनने वाक्याच्या सुरुवातीचं अक्षर आपोआप कॅपिटल केलं तर संपलंच. शंका आली तर अक्कल वापरायची. दोन कप मैद्याला सोडा एक टीस्पून पुरतो, बेकिंग पावडर दोन-अडीच टीस्पून, मीठ अर्धा-एक टीस्पून. याच्या तिप्पट काही दिसलं तर समजायचं की टी वाचताना गडबड झालीय.

इंग्लंडच्या रेसिपीत अजून एक असतो, डी-एस-पी, म्हणजे डेझर्टस्पून, १० मिली. हा आपल्याकडे कुणाला माहीत नसतो पण खरं तर आपल्या घरात सगळ्यात जास्त असतो तोच, कारण आपला पोह्याचा चमचा जवळपास तेवढाच भरतो. आणि इथेच सगळा घोळ आहे. मराठीत "एक चमचा" म्हटलं की निम्म्या लोकांच्या हातात पोह्याचा चमचा येतो, आणि "मोठा चमचा" म्हटलं की कुणी भाजी वाढायचा चमचा घेतं, कुणी डाव घेतं. आत्याने डावाने तेल घातलं होतं एकदा, २ टेबलस्पूनला २ डाव. त्यामुळे मी आता "मोठा चमचा" हा शब्दच टाकून दिलाय. सरळ टेबलस्पून लिहिते आणि पुढे कंसात १५ मिली.

मापाचे चमचे-कप बाजारात मिळतात, स्वस्त आहेत, पण ज्यांच्याकडे नाहीत त्यांच्यासाठी घरातच एक वस्तू असते जी कुणाला सुचत नाही. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं ते प्लॅस्टिकचं टोपण. त्यावर ५, १०, १५ मिलीच्या रेघा असतात. ते घासून पुसून घ्यायचं (नाहीतर केकला खोकल्याच्या औषधाचा वास), त्यात पाणी भरून घरातल्या चमच्यात ओतून बघायचं. मी आत्याला व्हिडिओ कॉलवर करायला लावलं. तिचा चहाचा चमचा साडेतीन मिलीचा निघाला, पोह्याचा नऊ. म्हणजे तिच्यासाठी १ टीस्पून म्हणजे चहाचा चमचा दीड, आणि १ टेबलस्पून म्हणजे पोह्याचे दोन चमचे, पण दुसरा काठोकाठ न भरता. तिने ते कागदावर लिहून फ्रिजला चिकटवलंय. डिजिटल काटा असेल तर अजून सोपं, वाटी ठेवायची, काटा झिरो करायचा, पाणी काठोकाठ भरायचं, जेवढे ग्रॅम तेवढे मिली. हे फक्त पाण्याला हं. तेलाला नाही, मैद्याला तर नाहीच नाही.

कपांची गोष्ट जरा लांब आहे. अमेरिकन कप २३७ मिली, सोयीसाठी २४० धरतात. ऑस्ट्रेलियाचा आणि जिथे मेट्रिक कप म्हणतात तिथला २५०. जपानी रेसिपी इंग्रजीत वाचत असाल तर त्यांचा कप २०० चा. राइस कुकरबरोबर जो कप येतो तो बहुतेक १८० चा, त्याच्यावर विसंबून केक करू नका. इंग्लंडच्या जुन्या रेसिपीत कप असेल तर अर्धा ब्रिटिश पाइंट म्हणजे २८४ मिली. २४० आणि २५० मधे केक बिघडत नाही, सगळं एकाच कपाने मोजलं की झालं. फरक पडतो तो अंड्यांमुळे आणि सोड्यामुळे, कारण ती काही कपाबरोबर लहान-मोठी होत नाहीत. म्हणून १८० च्या कपाने सगळं घातलं आणि अंडी तेवढीच ठेवली की केकचं आम्लेट होतं.

आता कप माहीत झाला तरी तो भरायचा कसा हे रेसिपीत एका छोट्या शब्दात लपलेलं असतं, आणि इथे मराठीइतकी सोय कुठे नसेल. हीपिंग किंवा हीप्ड म्हणजे शीग लावून. लेव्हल म्हणजे सपाट, वरून सुरी फिरवून शीग काढून टाकलेला. आमच्याकडे पायली-अधोलीने धान्य मोजताना शिगेवरून भांडणं व्हायची म्हणे, त्यामुळे आत्याला हे एका शब्दात कळलं, "म्हणजे शीग नको, असंच ना?" असंच. पॅक्ड म्हणजे दाबून भरलेला, हे ब्राउन शुगरला येतं कायम. स्कँट म्हणजे काठाच्या किंचित खाली. काहीच लिहिलेलं नसेल तर सपाट धरायचं. हे सपाट मापाचं वळण अमेरिकेत पक्कं केलं ते बोस्टनच्या फॅनी फार्मर यांनी, १८९६ मध्ये त्यांच्या कुकरी स्कूलचं पुस्तक आलं त्यातून, त्याच्या आधी तिकडेसुद्धा "अक्रोडाएवढं लोणी" असंच लिहायचे. म्हणजे आपल्या आज्यांचं "सुपारीएवढा गूळ" काही मागासलेलं वगैरे नव्हतं.

पण मैदा कपाने मोजायचा असेल तर सपाट असूनही घोळ होतो. कप पिठाच्या डब्यात खुपसून भरला तर १४०-१५० ग्रॅम येतो, चमच्याने हलकेच टाकून भरला तर १२०-१२५. दोन कपात पन्नास ग्रॅमचा फरक, आणि मग केक वीट झाला म्हणून रेसिपीला शिव्या. म्हणून मी मैद्याचं कायम ग्रॅमच लिहिते. अमेरिकन एका कपाला माझे ठरलेले आकडे हे: मैदा १२५, साखर २००, पिठीसाखर १२०, ब्राउन शुगर दाबून २१५, बटर २२७, कोको ८५, ओट्स ९०, मध ३४०. मध बघा आणि कोको बघा. तोच कप. त्यामुळे कुणी "१ कप म्हणजे किती ग्रॅम" असं नुसतं विचारलं तर उत्तर नसतं, कशाचा कप ते सांगा आधी.

बटरची स्टिक हा एक वेगळाच प्रकार. तिकडे बटर लांबट कांडीच्या रूपात येतं, एक कांडी ११३ ग्रॅम, म्हणजे अर्धा कप, म्हणजे ८ टेबलस्पून. आपल्याकडे १०० ग्रॅमचं पाकीट मिळतं, तेव्हा एक पाकीट आणि वर एक टेबलस्पून, की झाली स्टिक. आपलं नेहमीचं पिवळं बटर खारट असतं, रेसिपीत अनसॉल्टेड असेल तर वेगळं मीठ घालू नका, हे पण लिहून पाठवायचं.

औंस म्हणजे ओ-झेड. ज्यात झेड कुठून आला असं मला शाळेपासून वाटायचं, तर तो जुन्या इटालियन ओन्झा शब्दातून आलाय. पौंडाचं एल-बी पण तसंच, लॅटिन लिब्रा. पौंड म्हणजे आपल्याकडचा जुना रत्तल, ४५४ ग्रॅम. आत्याला पौंड म्हटलं की इंग्लंडचे पैसे आठवतात, रत्तल म्हटलं की लगेच समजतं, "अर्ध्या किलोला थोडा कमी". एका पौंडात १६ औंस, एक औंस २८ ग्रॅम. अमेरिकन जुन्या लिखाणात आकड्यापुढे फोनवरचं ते हॅश चिन्ह असेल, तर तेही पौंडच, आणि डब्यावर आकड्याच्या आधी असेल तर तो डब्याचा नंबर. दोन टिकल्या असतील तर इंच, म्हणजे ९ च्या पुढे दोन टिकल्या म्हणजे ९ इंची टिन.

खरी फसवणूक पुढे आहे. औंस दोन प्रकारचे, वजनाचा आणि पातळ पदार्थांचा, दुसऱ्याला फ्लुइड औंस म्हणतात, एफ-एल ओ-झेड. पण लिहिणारे आळशी असतात, नुसतं ओ-झेड लिहितात. "८ औंस दूध" म्हणजे एक कप. "८ औंस मैदा" म्हणजे २२७ ग्रॅम, जवळजवळ दोन कप. जो पदार्थ ओतता येतो त्याला फ्लुइड, बाकी सगळ्याला वजन, हा हिशेब बहुतेक वेळा बरोबर येतो. अपवाद डबाबंद वस्तूंचा, कंडेन्स्ड मिल्क ओतता येतं पण त्याचा १४ औंसचा डबा वजनावर असतो, ३९७ ग्रॅम, म्हणजे आपला ४०० ग्रॅमचा डबा चालतो डोळे झाकून. पाइंट अमेरिकेत ४७३ मिली आणि इंग्लंडमध्ये ५६८, त्यामुळे खिरीसारखं काही असेल तर देश बघितल्याशिवाय दूध ओतू नका. क्वार्ट म्हणजे दोन पाइंट, अमेरिकेत लिटरला थोडं कमी. गॅलन वगैरे आपल्या कामाचे नाहीत, लग्नाचं सरबत करत असाल तर गोष्ट वेगळी.

अपूर्णांकात मराठीची चैन आहे. इंग्रजीत १ ३/४ लिहितात आणि वाचणारा अडखळतो, आपण पावणेदोन म्हणतो आणि संपलं. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, हे शब्दच लिहा, आकडे लिहू नका. का ते सांगते. वेबसाइटवरून कॉपी केलं की १ आणि १/२ यांच्यातली जागा उडते आणि व्हॉट्सॲपवर जातं ११/२ कप. माझ्या ओळखीच्या एका काकूंनी साडेपाच कप साखर घ्यायची का असं विचारलं होतं, आणि गणित म्हणून त्यांचं बरोबरच होतं की. "दीड कप" लिहिलं असतं तर प्रश्नच आला नसता. एकच ठिकाणी मराठी कमी पडते, १/३ ला. एकतृतीयांश लिहिलं की स्वयंपाकघरात शाळा भरल्यासारखं वाटतं. तिथे मी ८० मिली लिहिते, किंवा ५ टेबलस्पून आणि १ टीस्पून. आणि हो, "पाव कप पाव" असं काही लिहायची वेळ आली तर दुसरीकडे ब्रेड लिहा.

ओव्हनचं माप हे पण मापच. आत्याची दुसरी रेसिपी बिस्किटांची, त्यात नुसतं ३५० होतं, मी तसंच ३५० लिहिलं. तिच्या ओटीजीचं बटण २५० ला संपतं. "साडेतीनशे नाहीच आहे गं, मी शेवटपर्यंत फिरवलं." बिस्किटं दहा मिनिटांत कोळसा. तर, अमेरिकन आकडे फॅरनहाइटमध्ये असतात आणि आपले सेल्सियसमध्ये. शाळेतलं ३२ वजा करून ५/९ ने गुणा वगैरे लागत नाही, ओव्हनच्या टप्प्यात नुसतं निम्मं करायचं. ३०० चे १५०, ३५० चे १७५, ४०० चे २००. खरे आकडे १४९, १७७, २०४, म्हणजे काही बिघडत नाही. त्याच्या वर गेलात तर निम्म्यात थोडे वाढवा, ४५० ला २३०. ताप मोजायला मात्र हे वापरू नका, १०० चा ताप ५० होत नाही. इंग्लंडचा गॅस मार्क ४ म्हणजे १८०, पुढे ५ म्हणजे १९०, ६ म्हणजे २००, ७ म्हणजे २२०. ब्रिटिश रेसिपीत दोन आकडे असतात कधीकधी, १८० आणि फॅन १६०. ज्या ओव्हनमध्ये पंखा गरगरतो त्याला वीस कमी. आणि तिकडचं "रूम टेंपरेचर बटर" म्हणजे वीस-एकवीस डिग्रीतलं, बोट दाबलं की खड्डा पडेल असं. नागपूरला मे महिन्यात रूम टेंपरेचरला बटर ठेवलं तर तूप होईल. तिथे "फ्रिजमधून काढून दहा मिनिटांनी" लिहायचं.

आता एक बारीक पण महत्त्वाचं, स्वल्पविराम. "१ कप अक्रोड, चिरून" आणि "१ कप चिरलेले अक्रोड" हे दोन वेगळे आहेत. पहिल्यात आधी कप भरायचा मग चिरायचं, दुसऱ्यात आधी चिरायचं मग भरायचं, आणि चिरलेले जास्त मावतात. मराठीत वाक्य फिरवताना आपण नकळत सगळं "चिरलेले अक्रोड १ कप" करून टाकतो. राइसचं अजून मजेशीर, इंग्रजीत कच्चा पण राइस आणि शिजलेला पण राइस. आपल्याकडे तांदूळ आणि भात. स्वल्पविरामानंतर कुक्ड आलं तर तांदूळ १ कप, आधी आलं तर भात १ कप, आणि एका कप तांदळाचा भात तीन कप होतो. डिव्हायडेड असा शब्द मापानंतर दिसला तर तो पदार्थ सगळा एकदम घालायचा नाही, थोडा आत्ता, थोडा नंतर. मी तिथे "दोनदा लागेल" असं लिहिते.

फोनमधलं ऑटो ट्रान्सलेट वापरत असाल तर वापरा, मी पण वापरते, पण या जागा तपासा. क्लोव्ह हा शब्द लसणाबरोबर आला तर ती पाकळी, एरवी लवंग. "लसणाच्या ४ लवंगा" मी डोळ्यांनी वाचलंय. इअर ऑफ कॉर्न म्हणजे मक्याचं कणीस, मक्याचा कान नाही. स्टिक म्हणजे काठी नाही ते वर आलंच. हेड ऑफ गार्लिक म्हणजे अख्खा गड्डा. स्प्रिग म्हणजे डहाळी. पिंच म्हणजे चिमूट. मापाच्या चमच्यांच्या काही सेटमध्ये डॅश, पिंच, स्मिजन असे बारके चमचे पण येतात, डॅश म्हणजे टीस्पूनचा आठवा भाग, पिंच सोळावा, स्मिजन बत्तिसावा, बघायला गोड आहेत, पण आपली दोन बोटं आहेत की. कॉर्नफ्लार, ज्याला आमच्या वाण्याकडे कॉर्नफ्लॉवर म्हणतात, तो इंग्लंडमध्ये आणि आपल्याकडे पांढरा स्टार्च, पण अमेरिकन रेसिपीत कॉर्न फ्लार असेल तर ते मक्याचं पीठ. स्टार्चला ते कॉर्नस्टार्च म्हणतात. सूप दाट करायला मक्याचं पीठ घातलं तर जे होईल ते सूप नसेल.

वस्तू मोजून घ्यायच्या असतात तिथे आकारही बघावा लागतो. तिकडच्या एका लिंबाचा रस ४०-४५ मिली, आपल्या कागदी लिंबातून १५-२० निघतो, म्हणजे "१ लेमन" ला आपली दोन-अडीच लिंबं. एक लार्ज अंडं टरफल काढून ५० ग्रॅम. आपली अंडी बऱ्याचदा त्यापेक्षा लहान असतात, तेव्हा दोन लार्जना शंभर ग्रॅम मोजा, कमी पडलं तर तिसरं फोडून थोडं. मीठ, अमेरिकन लोक कोशर सॉल्ट लिहितात, ते जाडसर आणि पोकळ असतं, एक टीस्पून ब्रँडप्रमाणे ३ ते ५ ग्रॅम भरतं, आपलं बारीक मीठ ६ ग्रॅम. म्हणून कोशर दिसलं की मी निम्मं लिहिते आणि पुढे "चाखून बघ".

आता ती पहिली बनाना ब्रेडची रेसिपी घेते, जशी होती तशी. बटर १ स्टिक, सॉफ्टन्ड. ब्राउन शुगर १ सी, पॅक्ड. अंडी २ एल-जी. केळी ३, मॅश्ड. एपी फ्लार २ सी. सोडा १ टी, स्मॉल. मीठ अर्धा टी, तोही स्मॉल. दूध १ टी, कॅपिटल. अक्रोड अर्धा सी, स्वल्पविराम, चॉप्ड. ३५० ला एक तास, ९ बाय ५ चा टिन. इथे सी म्हणजे कप, सेल्सियस नाही, एल-जी म्हणजे लार्ज, एपी म्हणजे ऑल पर्पज म्हणजे मैदा.

यावेळी मी असं पाठवलं: बटर ११३ ग्रॅम, म्हणजे छोटं पाकीट आणि वर एक टेबलस्पून, मऊ पण वितळलेलं नको. ब्राउन शुगर २१५ ग्रॅम. अंडी दोन, फोडून १०० ग्रॅम. पिकलेली केळी कुस्करून दीड कप, तुझ्याकडची वेलची केळी असतील तर सात-आठ लागतील. मैदा २५० ग्रॅम. खायचा सोडा १ टीस्पून (५ मिली), सपाट, शीग अजिबात नको. बटर खारट आहे म्हणून मीठ नको. दूध १ टेबलस्पून (१५ मिली). अख्खे अक्रोड अर्धा कप घेऊन मग चिरायचे. ओटीजी १७५ ला, पाऊण तासाने सुरी घालून बघायची, लांबट टिन साधारण २३ बाय १३ सेंटीमीटर.

दोन तासांनी फोटो आला, कापलेला, आत छान जाळी पडलेली. खाली मेसेज, "केळी दीड कप लिहिलंस, आणि अक्रोड पण कपातच. माझी स्टीलची वाटी १९० ची आहे ना, म्हणजे कपाला सव्वा वाटी. ते का नाही लिहिलंस? मला गणित करावं लागलं."